कोरी, जपलेली आणि चालवलेली

मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी पडले होते. पहिला कागद म्हणजे त्याच महिन्यात भारतात दाखल झालेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचे दरपत्रक होते : शोरूम किंमत ५२ लाख ९९ हजार, संपूर्ण आयात गाडी, पहिली तुकडी अवघ्या १५० गाड्यांची. दुसऱ्या कागदावर मुंबईतील जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याने पाठवलेली माहिती होती : पोर्श बॉक्स्टर, २०१४ ची नोंदणी, एकच मालक, १४,२०० किलोमीटर, मागणी ५२ लाख. गंमत अशी की दोन्ही इंजिनांची ताकद कागदोपत्री सारखीच, २६५ अश्वशक्ती. किंमत जवळपास तीच, ताकद तीच, आणि मध्ये अकरा वर्षांचे अंतर. या अकरा वर्षांचा हिशेब मांडण्यात माझे पुढचे पाच महिने गेले.

पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझा सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. दिवसभर मायक्रॉनमध्ये मोजमाप करणाऱ्या माणसाने गाडी भावनेच्या भरात घेऊ नये, अशी घरच्यांची रास्त अपेक्षा होती. गाडी कारखान्याच्या नावावर घ्यायची नाही हे पहिल्याच दिवशी ठरले, कारण कंपनीच्या नावावरच्या मोटारीला महाराष्ट्रात वाहनकराचा दर जास्त पडतो आणि हौसेचा खर्च धंद्याच्या वह्यांत घुसवणे मला पटत नाही. पत्नीने एकच प्रश्न विचारला : "अहो, आईंना दवाखान्यात न्यायचे झाले तर ही गाडी काय कामाची?" दवाखान्यासाठी घरात दुसरी गाडी आहे, हे उत्तर मी दिले, मात्र त्या उत्तरानेच एक गोष्ट नक्की झाली. येणारी गाडी ही दुसरी गाडी असणार, रविवारी पहाटेची असणार, आणि तिच्याकडून सोयीची अपेक्षा धरायची नाही.

नवी खरीखुरी दोन आसनी स्पोर्ट्स कार घेण्याचा विचारही करून पाहिला. बीएमडब्ल्यूची झेड ४ नव्वद लाखांच्या घरात होती आणि पोर्शची नवी ७१८ दीड कोटीच्या आसपास, म्हणजे दोन्ही माझ्या आवाक्याबाहेर. शिवाय ७१८ बद्दल माझ्यासारख्यांची एक जुनी कुरकूर आहे. २०१६ मध्ये हे नाव आले तेव्हा साध्या बॉक्स्टरमधले सहा सिलिंडरचे, टर्बो नसलेले इंजिन जाऊन चार सिलिंडरचे टर्बो इंजिन आले. ताकद वाढली, आवाज गेला. त्यामुळे २०१२ ते २०१६ या काळातली, ९८१ या अंतर्गत क्रमांकाने ओळखली जाणारी पिढी जाणकारांच्या मनात वेगळ्या खणात ठेवलेली असते. मुंबईची गाडी त्या पिढीतली होती.

आधी जीटीआय चालवून पाहिली. बाणेरकडून बालेवाडीकडे आणि परत, एवढीच फेरी मिळाली. पण तेवढ्यातही गाडी फार शहाणी आहे हे कळले. तिचा ३७० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, इंजिनाच्या अगदी खालच्या फेऱ्यांपासून हाताशी येतो, त्यामुळे सिग्नल सुटल्यावर ती मागचा-पुढचा विचार न करता निघते. पांढरे पट्टे पुसले गेलेले गतिरोधक तिने न घासता पार केले. मागे तीन माणसे बसतात, डिकीत आठवड्याचा बाजार मावतो, आणि बिघाड झालाच तर वॉरंटी आहे. शून्य ते शंभर हा वेग ५.९ सेकंदांत, म्हणजे बॉक्स्टरच्या ५.७ सेकंदांहून नावापुरता मागे. इतके सगळे पदरात पडत असताना माणूस जुन्या गाडीच्या वाटेला का जातो, असा प्रश्न मला त्या दिवशी खरोखर पडला होता.

याचे उत्तर इंजिनाच्या जागेत आहे. जीटीआयचे इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांना. बॉक्स्टरचे इंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागे, मागच्या धुरीच्या अलीकडे. वळणात शिरताना नाक हलके आणि वजन कमरेशी, ही भावना पुढच्या चाकांच्या गाडीत कितीही पैसे ओतले तरी येत नाही. बॉक्स्टरचा २८० न्यूटन मीटर टॉर्क मिनिटाला ४,५०० फेऱ्यांनंतर खऱ्या अर्थाने खुलतो, म्हणजे शहरात ती जीटीआयपेक्षा सुस्त वाटते आणि वाईजवळच्या पसरणीच्या घाटात नाही. मला गाडी पसरणीसाठी हवी होती. असे असूनही नव्या गाडीचा हिशेब मी प्रामाणिकपणे मांडला, कारण पुण्याहून पसरणीला माणूस महिन्यातून एकदा जातो आणि गाडीचे हप्ते दर महिन्याला जातात.

मोटार वाहन कर, विमा आणि किरकोळ बाबी धरून जीटीआयचा आकडा साठ लाखांच्या पुढे गेला. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता जो एक टक्का कर गोळा करतो तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच. नव्या गाडीची घसरण किती, याचा अंदाज बांधायला मी विम्याचा तक्ता वापरला, कारण विक्रेत्याच्या आश्वासनापेक्षा तो बरा. विमा उतरवताना गाडीचे मूल्य पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्क्यांनी, वर्षभरात पंधरा टक्क्यांनी, दुसऱ्या वर्षी वीस, तिसऱ्या वर्षी तीस, चौथ्या वर्षी चाळीस आणि पाचव्या वर्षी पन्नास टक्क्यांनी घटवलेले धरतात. बाजार या तक्त्याप्रमाणे तंतोतंत चालत नाही हे मान्य, पण शोरूम किमतीच्या निम्मी रक्कम अधिक कर आणि विमा, असे पाच वर्षांत साधारण पस्तीस लाख मी आजच विसरून जायचे होते. हा आकडा वाईट होता. त्याचा एकच गुण म्हणजे तो आधीपासून ठाऊक होता.

अकरा वर्षांच्या गाडीची मोठी घसरण दुसऱ्या कुणीतरी सोसलेली असते. तिथे भीती वेगळी असते, कारण आकडाच माहीत नसतो.

जूनच्या पहिल्या शनिवारी मुंबईची गाडी पाहायला गेलो. माझ्याबरोबर आमच्या भागातले एक गॅरेजवाले मिस्त्री होते, ज्यांनी वीसेक वर्षे जर्मन गाड्यांखालीच काढली आहेत आणि जे बोलतात कमी. गाडी दिसायला दृष्ट लागावी अशी होती : पांढरा रंग, लाल कातडी आसने, बोनेटवर एक ओरखडा नाही. विक्रेत्याने "अगदी शोरूम कंडिशन" हे शब्द दहा मिनिटांत चार वेळा वापरले. मिस्त्री बोनेटकडे गेलेच नाहीत. ते खाली बसले आणि टायरच्या कडेवर बोट फिरवू लागले. प्रत्येक टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. त्यांनी मला वाचायला लावले : १६१४. म्हणजे २०१४ चा सोळावा आठवडा. टायर मूळचेच होते, खाचा खोल होत्या, आणि कडेच्या रबरावर उन्हाने तडकलेल्या भिंतीसारखे केसाएवढे चिरांचे जाळे होते. ताशी दीडशेच्या गाडीखाली अकरा वर्षांचे रबर असणे म्हणजे काय, हे सांगायला मिस्त्री लागत नाही.

पुढची तपासणी लिफ्टवर झाली. या गाडीत इंजिन वरून दिसतच नाही; मागच्या डिकीत तेल आणि कूलंट ओतायची दोन तोंडे असतात, तेल मोजायची पट्टीसुद्धा नसते, पातळी डॅशबोर्डवरच्या पडद्यावर पाहावी लागते. जे पाहायचे ते खालून. पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांमागे रेडिएटर असतात आणि त्या जाळ्यांतून शिरलेला पाला तिथेच अडकून राहतो, ओला होतो, कुजतो. मिस्त्रींनी टॉर्च मारून दाखवले तेव्हा आत गुलमोहराच्या पाल्याचा काळा थर होता आणि त्यामागे एसीच्या कंडेन्सरच्या पट्ट्या पांढऱ्या पडून भुसभुशीत झाल्या होत्या. ब्रेकच्या डिस्कच्या कडेला गंजाची उंच धार होती. छत उघडायला नऊ सेकंद लागतात असे मी वाचले होते. या गाडीचे उघडले, पण मिटताना करकरले आणि मध्येच थबकले. आसनामागचा गालिचा उचलून मिस्त्रींनी माझा हात आत घालायला लावला. तळहाताला दमटपणा लागला. कापडी छताच्या कडांना पावसाचे पाणी खाली वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या तुंबल्या की पाणी आत उतरते, आणि मुंबईच्या पावसात उभ्या असलेल्या गाडीत ते किती वर्षे उतरत होते कोणास ठाऊक.

अधिकृत सेवा केंद्रातल्या नोंदी सर्वांत बोलक्या निघाल्या. ब्रेकचे तेल किलोमीटर कितीही होवोत दर दोन वर्षांनी बदलायचे असते, कारण ते हवेतली आर्द्रता शोषते; अकरा वर्षांत ते दोनदा बदलले होते. मालक बहुधा परदेशात असत. गाडी महिनोन्महिने झाकून ठेवलेली असे. मिस्त्री लिफ्टखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "साहेब, ही गाडी देव्हाऱ्यात ठेवली होती. देव्हाऱ्यातल्या वस्तूला धूप दाखवतात, तेल कोणी घालत नाही." टायर, कंडेन्सर, डिस्क, छताची दुरुस्ती, दमट झालेली वायरिंग तपासणे, असा त्यांचा अंदाज सहा लाखांच्या पुढे गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही उघडल्यावर भलतीच महाग पडत होती. विक्रेता पन्नास हजार कमी करायला तयार झाला. मी आभार मानून निघालो.

इथे माझी पहिली चूक कबूल करायला हवी. मी शोध सुरू केला तेव्हा कमी किलोमीटर हीच गाळणी लावली होती. वीस हजारांवरची गाडी मी उघडूनही पाहत नव्हतो. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. माझ्याच कारखान्यात सहा महिने बंद ठेवलेले लेथ सुरू करताना आम्ही ज्या सावधगिरीने सुरू करतो, ती मी मोटारीच्या बाबतीत विसरलो होतो. सील वंगण फिरत असेपर्यंत मऊ राहतात, बॅटरी वापराने टिकते, आणि डिस्कवरचा गंज ब्रेक दाबूनच जातो.

दरम्यान जुन्या गाडीचे इतर काटेही मोजत होतो. दहा वर्षांवरच्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी धातूच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापते. रबर, प्लॅस्टिक, बॅटरी यांवर तर वय काहीही असो निम्मे कापतातच. घसारा न कापणारी जोड-पॉलिसी या वयाच्या गाडीला मला कोणी दिली नाही. बँकेचेही तसेच : नव्या गाडीला कर्ज देणारा अधिकारी जुन्या बॉक्स्टरचे वर्ष ऐकून हसला आणि व्याजाचा जो दर त्याने सांगितला त्यावर मी हसलो. म्हणजे पैसा स्वतःचा लागणार होता. आता पंपांवर सर्रास मिळणारे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल ही आणखी एक खुटखुट. २०१४ ची ही गाडी दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाचा विचार करून बनवलेली आहे, त्यामुळे इंधनाच्या जुन्या नळ्या आणि सील यांवर लक्ष ठेवावे लागणार. नवी गाडी या सगळ्यातून मोकळी होती, आणि ऑगस्टच्या सुमारास मी जीटीआयच्या बाजूला बराच कललोही होतो.

सप्टेंबरच्या आरंभी एका परिचिताकडून कोल्हापूरच्या एका शल्यचिकित्सकांचे नाव कळले. त्यांच्याकडची बॉक्स्टरही २०१४ चीच, गडद निळी, पण ४६,८०० किलोमीटर चाललेली. पूर्वी हा आकडा ऐकून मी फोन ठेवला असता. डॉक्टर फोनवर म्हणाले, "गाडीच्या नाकावर खडे उडालेले आहेत आणि मागच्या डाव्या चाकावरचा पत्रा फाटकाच्या खांबाला घासला म्हणून परत रंगवला आहे. हे आधी ऐका आणि मग यायचे की नाही ते ठरवा." महामार्गाने दोनशे तीस किलोमीटर जाण्यासारखे हेच वाक्य होते.

मिस्त्रींनी रंगाची जाडी मोजायचे यंत्र बरोबर आणले होते. दरवाजावर १२०, बोनेटवर ११५, छपराच्या खांबाशी १३०, आणि मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्यावर २९० मायक्रॉन. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आणि तिथेच. पुढच्या बंपरवर बारीक टवके इतके होते की जवळून पाहिल्यास मिरी भुरभुरल्यासारखे वाटे. टायरवरचे आकडे २०२३ चे. जाळ्यांमागे पाला नव्हता. दर मे महिन्याच्या शेवटी बंपर उतरवून रेडिएटर धुवायचे आणि छताच्या नळ्यांतून बारीक नायलॉनची दोरी फिरवायची, हा त्यांचा पावसाळ्यापूर्वीचा नेम होता. कोल्हापूरचा पाऊस पाहता तो नेम हौशीचा नसून गरजेचा होता. गालिच्याखाली हात घातला, कोरडा आला.

मिस्त्रींनी निदानयंत्र जोडले. या इंजिनाचा संगणक इंजिन फेऱ्यांच्या मर्यादेजवळ किंवा मर्यादेपलीकडे किती वेळा फिरले याची नोंद सहा पट्ट्यांत ठेवतो, आणि शेवटची नोंद इंजिनाच्या कितव्या तासाला झाली हेही सांगतो. हाताने गिअर बदलायच्या गाडीत चुकून खालचा गिअर पडला की वरचे पट्टे भरतात. डॉक्टरांच्या गाडीत सात गतींचा, दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता, जो अशी चूक करूच देत नाही. पहिल्या दोन पट्ट्यांत नोंदी होत्या, वरचे चारही कोरे. मिस्त्री म्हणाले, "चालवली आहे, पिळलेली नाही."

मग डॉक्टरांनी कपाटातून एक फाइल आणि एक शंभर पानी वही आणली. फाइलमध्ये अकरा वर्षांची बिले तारखेप्रमाणे लावलेली होती, ब्रेकचे तेल दर दुसऱ्या वर्षी. वहीत प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, किलोमीटर आणि शेरा : "आंबोली, धुके, वायपर बदलणे", "पन्हाळा, उजवीकडून खडखड, खडा निघाला". शस्त्रक्रियेच्या टिपणांसारखे ते अक्षर होते, म्हणजे अर्धे मला लागले नाही. मी ते सगळे वाचत बसलो आणि चहा गार झाला. विकण्याचे कारण विचारले तेव्हा ते म्हणाले की गुडघ्यांमुळे इतक्या खाली बसता येते, उठता येत नाही.

निर्णय तिथेच झाला होता, तरी मी एक महिना थांबलो. २२ सप्टेंबरपासून मोठ्या मोटारींवरचा उपकर जाऊन वस्तू व सेवा कर सरसकट चाळीस टक्के झाला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. मित्रांनी जीटीआयचा नवा दर पाठवून पुन्हा मोह घातला. मी जुना हिशेब नव्या आकड्यांनी मांडला. पस्तीस लाखांचे तेहेतीस-चौतीस झाले, एवढाच फरक. याउलट डॉक्टरांच्या गाडीवर पाच वर्षांत मी दहा लाख उतरणे आणि दहा लाख दुरुस्तीचे धरले तरी वीस होत होते. यातला दुसरा दहाचा आकडा माझा अंदाज आहे आणि तो चुकू शकतो, हे मी पत्नीलाही सांगितले. त्यावर तिने सुचवलेला तोडगा माझ्या सगळ्या कोष्टकांपेक्षा बरा होता : गाडी घेतल्याच्याच दिवशी पाच लाखांची मुदत ठेव वेगळी काढायची, तिला गाडीखेरीज कशासाठी हात लावायचा नाही, आणि ती संपली की गाडी विकायची. डॉक्टरांनी ४८ लाख सांगितले होते. नव्या गाड्यांच्या उतरलेल्या किमतींचा दाखला देऊन मी ४६ लाख ५० हजारांवर आणले. घासाघीस करताना मला जरा लाज वाटली, पण केली.

कागदपत्रांचे काम अपेक्षेहून सोपे आणि एका ठिकाणी अडलेले. गाडीवर बँकेचा बोजा नव्हता, थकीत चलन नव्हते, हे आधीच वाहन नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर पाहून घेतले होते. हस्तांतरणाचे अर्ज, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्यांनी भरले. अडले ते उच्च सुरक्षा नंबरप्लेटपाशी : एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला ती बसवल्याखेरीज हस्तांतरण पुढे सरकत नव्हते आणि डॉक्टरांनी वेळ घेतली नव्हती. त्यात पंधरा दिवस गेले. विमा माझ्या नावावर करताना कळले की बिनदाव्याची पन्नास टक्के सवलत गाडीची नसून मालकाची असते. ती डॉक्टरांबरोबर गेली आणि हप्त्यातला फरक मी भरला. हे आधी ठाऊक असते तर घासाघिशीत वापरले असते.

ऑक्टोबरच्या अखेरीस गाडी पुण्यात आली. सोसायटीच्या उतारावर ती तिरकी घ्यावी लागते, सरळ घेतली तर पुढची कड घासते. आमचे सुरक्षारक्षक आता मला येताना पाहून दुसरी बाजू आपणहून मोकळी करतात. नंबर एमएच ०९ चाच राहिला, त्यामुळे बाणेरला सिग्नलवर एकाने काच खाली करून "कोल्हापूरचे का?" असे विचारले आणि मी हो म्हणून टाकले. डिसेंबरात पुढच्या उजव्या चाकापाशी टकटक येऊ लागली. मिस्त्रींनी सस्पेन्शनच्या एका आर्मचा बुश फाटलेला दाखवला. भाग मागवून, बसवून, चाकांची जुळणी करून एकूण खर्च ४१ हजार झाला. मुदत ठेव मोडायची की हा खर्च घरखर्चात बसवायचा यावर आमच्याकडे थोडी चर्चा झाली. पत्नीने ठेव मोडायला लावली. डॉक्टरांच्या वहीच्या पुढच्या रिकाम्या पानावर मी ते बिल नोंदवले आणि शिल्लक रक्कम समासात लिहिली : ४ लाख ५९ हजार.